धान उगवले, मिरची का नाही?



भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात आसगाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा सारा धानाचा मुलूख. मृगाचा पाऊस पडू लागला की येथे पऱ्हे टाकण्याची लगबग सुरू होते. पऱ्हे म्हणजे धानाची रोपे. पश्चिम महाराष्ट्रात त्यांना तरवा म्हणतात. आठ-दहा दिवसांत ओल्याचिंब वाफ्यावर पोपटी लव दिसू लागते. त्याच सुमारास एखाद्या घराच्या ओसरीवर तेलाच्या जुन्या डब्यात मिरचीचे बी टाकलेले असते. पलीकडच्या भिवापूरची मिरची नावाजलेली, तेव्हा हौसेने कोणीतरी तिचेच बी आणलेले असते. त्या डब्यालाही रोज न चुकता पाणी मिळते. पण पंधरा दिवस झाले तरी मिरची डोके वर काढत नाही. मग घरात निकाल लागतो, "बी खराब निघाले."

हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. न उगवलेले बी मातीत अजून पडलेले आहे, आणि आपण कुठे अडलो हे ते स्वतःच सांगू शकते. म्हणून पहिला नियम असा, की उकरून पाहा. काडीने माती अलगद बाजूला करा, चार-पाच बिया बाहेर काढा आणि पांढऱ्या कागदावर ठेवून नीट न्याहाळा. बी उकरले तर ते मरते, ही समजूत आहे. मोड मोडला नाही तर बी परत मातीत ठेवता येते.

त्याआधी एक हिशेब करून टाकू. शंभर बिया पेरल्या म्हणजे शंभर उगवतील, असे कोणीही आश्वासन देत नाही. आपल्या देशात प्रमाणित बियाण्याला उगवणीची किमान मर्यादा ठरवून दिलेली आहे. धानासाठी ती ८० टक्के आहे, टोमॅटो व वांग्यासाठी ७०, भेंडीसाठी ६५ आणि मिरचीसाठी अवघी ६०. तेव्हा मिरचीच्या दहा बियांतून सहा रोपे आली तर बी नियमाप्रमाणेच वागले, त्यात तक्रारीला जागा नाही. उलट पाचच बिया टाकल्या आणि एकही आली नाही, तर तो निव्वळ योगायोग असू शकेल काय? प्रत्येक बी न उगवण्याची शक्यता ०.४ धरा. पाचही न उगवण्याची शक्यता ०.४ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.०१. शंभरात एखाद्या वेळीच असे घडेल. याचा अर्थ, काहीतरी बिघडले आहे आणि ते शोधणे भाग आहे.

पण दिवस पुरेसे झाले आहेत ना, हेही पाहा. मूग एका रात्रीत मोड काढतो, मेथी दोन-तीन दिवसांत वर येते, टोमॅटोला आठवडा लागतो. मिरची सावकाश चालते. बीज-तपासणीच्या प्रयोगशाळेत मिरचीची शेवटची मोजणी चौदाव्या दिवशी करतात. सहाव्या दिवशी डबा उपडा करणाऱ्याने मिरचीला दोष देऊ नये.

आता उकरलेल्या बियांकडे वळू. काही वेळा बी सापडतच नाही. मग मुंग्या, उंदीर किंवा चिमण्या यांच्याकडे चौकशी करावी. काही वेळा बी टाकले तसेच कोरडे, कठीण निघते. पाणी आत शिरलेलेच नाही. गोकर्ण, बाभूळ, गुंज यांचे कवच पाण्याला दाद देत नाही. अशा बियांना एका बाजूला खरखरीत दगडावर किंवा पॉलिश कागदावर घासून आतला फिकट भाग दिसेल इतकी खिडकी पाडावी आणि रात्रभर भिजवावे. (गुंजेचे बी अतिशय विषारी असते. त्याला घरी घासण्याच्या किंवा फोडण्याच्या भानगडीत मुळीच पडू नका.) बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात, आणि त्यांच्या पोटातून बाहेर पडलेले बी अधिक चांगले उगवते, तेथे कवच मऊ करण्याचे काम शेळीचे पोट करते.

मिरचीचे बी मात्र बहुधा फुगलेले सापडते. फुगले म्हणजे जिवंत आहे, असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. कोरडे बी पाणी शोषते ते पूर्णपणे भौतिक कारणाने. त्याच्यातील प्रथिने व पिष्ट यांचे रेणू पाण्याला जबरदस्त ओढीने धरतात. कोरड्या बियाची ही ओढ शेकडो वातावरणांच्या दाबाइतकी असते. म्हणून तर बाटलीत ठासून भरलेले वाटाणे पाणी घालताच फुगून बाटली फोडू शकतात. पण वाळलेले लाकूडही पाण्याने फुगते आणि मेलेले बीही फुगते. तेव्हा फुगलेले बी दोन बोटांत हलकेच दाबा. ते घट्ट लागले, आत पांढरे व निकोप दिसले, तर अजून आशा आहे. ते पिचकले, पिठासारखा लगदा बाहेर आला आणि आंबूस वास आला, तर ते बी कुजले आहे. ओसरीवरच्या डब्यांत हा दुसरा प्रकार फार आढळतो. माझ्या मते घरी लावलेल्या बियांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे प्रेमाने घातलेले पाणी.

बी श्वास घेते

कोरड्या बियातला जीव जवळजवळ झोपलेला असतो. पाणी मिळताच तो जागा होतो आणि त्याला ताबडतोब ऊर्जा लागते. ही ऊर्जा साठवलेल्या अन्नाचे प्राणवायूशी संयोग होऊन मिळते, म्हणजेच श्वसनातून. मोड आणण्यासाठी पोत्यात बांधून ठेवलेल्या धानात हात घालून पाहा, उबदार लागेल. ती ऊब श्वसनाचीच.

मग प्राणवायू येतो कुठून? मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून. या पोकळ्यांत हवा असते किंवा पाणी. दोघांनी एकच जागा वाटून घ्यायची आहे. जेवढे पाणी वाढवाल तेवढी हवा बाहेर जाईल. आता आकडे पाहा. साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाला एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर पाण्यात विरघळलेला प्राणवायू फक्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास. तोही बियापर्यंत सहज पोचत नाही, कारण हवेच्या मानाने पाण्यात प्राणवायूचे विसरण सुमारे दहा हजार पट मंद असते. बियाभोवती पाण्याचा अखंड थर बसला की आत असलेला प्राणवायू संपतो आणि नवा येण्याचा मार्ग जवळपास बंद होतो. बी बुडून गुदमरते. पुढचे काम कुजवणारे जीवाणू व बुरशी करतात.

येथे तुम्ही म्हणाल, "मग धान कसे उगवते? ते तर चिखलातच टाकतात." शंका रास्त आहे, आणि खरी गंमत येथेच आहे. धानाच्या मुलखात आपण लहानपणापासून पाण्यात उगवणारे बी पाहत आलो. म्हणून सगळ्याच बियांना पाणी असेच आवडत असेल, असे मनात बसले. वास्तविक धान हा अपवाद आहे. तो तुम्ही स्वतः तपासू शकता.

पाणी दहा मिनिटे उकळून भांडे झाकून गार होऊ द्या. उकळल्याने त्यातली विरघळलेली हवा निघून जाते. काचेच्या दोन लहान बाटल्या घ्या. एकीत धानाचे आठ-दहा दाणे टाका, दुसरीत तेवढेच गहू. गार झालेले पाणी काठोकाठ भरून झाकणे घट्ट लावा आणि बाटल्या घरात उबदार जागी ठेवा. तुलनेसाठी दोन्हींचे काही दाणे बशीत ओल्या फडक्यावरही ठेवा. (धान सालीसकट घ्यावे. स्वयंपाकाचे तांदूळ चालणार नाहीत, कारण सडताना त्यातला अंकुर निघून गेलेला असतो.) पाच-सहा दिवसांनी फडक्यावर दोघांनाही मोड आणि मुळे दिसतील. बाटलीत मात्र धानातून पांढरी, नळीसारखी कोंब-पिशवी वर निघालेली दिसेल. गहू फुगून तसाच पडेल, फार तर एखाद्या दाण्याचे टोक डोकावेल.

असे का होते? प्राणवायूशिवायही साखर आंबवून थोडी ऊर्जा काढता येते. पण हा व्यवहार तोट्याचा. पेशींच्या ऊर्जेचे चलन असलेला एटीपी नावाचा रेणू घेतला, तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून श्वसनात सुमारे ३० एटीपी मिळतात, आंबवण्यात केवळ २. त्यातही साखर हवी, आणि दाण्यात आहे ते पिष्ट. पिष्टाची साखर करणारे अमायलेज नावाचे विकर प्राणवायूच्या अभावीही तयार करण्याची हातोटी धानाला साधली आहे, गव्हाला ती नाही. या तुटपुंज्या ऊर्जेवर धान फक्त एकच काम करते, कोंबाची पोकळ नळी वर पाठवते. नळीचे टोक पाण्याबाहेर आले की तिच्यातून हवा खाली दाण्यापर्यंत उतरते, पाणबुड्याच्या श्वासनळीसारखी. बाटलीतल्या धानाला मूळ मात्र फुटलेले दिसणार नाही. मुळाला हवा लागतेच. म्हणूनच आपले शेतकरी पऱ्ह्यासाठी धान दिवसभर भिजवतात, पण नंतर पाणी निथळून काढतात आणि ओल्या पोत्यात झाकून ठेवतात. पाण्याने आपले काम केले, आता हवेची पाळी.

मिरचीची अडचण तर गव्हाहून मोठी. मिरची, टोमॅटो, वांगी, तीळ यांच्या बियांत मुख्य साठा पिष्टाचा नसून तेलाचा व प्रथिनांचा असतो. तेलातून ऊर्जा काढायची तर प्राणवायूला पर्यायच नाही.

डब्यातली माती

आता डब्यात कोणती माती भरली ते आठवा. बहुधा जवळच्या बांधीतली. या मातीत वर्षानुवर्षे चिखलणी झालेली असते. चिखलणीचा हेतूच असा, की मातीचे ढेकूळ मोडावे, बारीक कण एकमेकांत बसावेत आणि पाणी खाली झिरपू नये. धानासाठी हे उत्तम आहे. पण हीच माती डब्यात भरली की आपण मिरचीसाठी एक छोटी बांधी तयार करतो. वाळली की तिच्यावर कडक पापुद्रा धरतो, आणि त्याखाली कोंब कमरेत वाकून अडकलेले सापडतात.

"पण डब्याला खाली भोक पाडले आहे!" एवढ्याने भागत नाही. कारण समजून घेण्यासाठी भांडी घासण्याचा जाड स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. थेंब गळायचे थांबले की, न पिळता, तो हळूच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! स्पंज तोच, छिद्रे तीच, फक्त उंची बदलली. केशाकर्षणामुळे तळाचा काही उंचीचा थर नेहमी पाण्याने भरलेला राहतो. वर पुरेशी उंची असेल तर बाकीचे पाणी खाली सरकते. मातीचेही असेच होते, आणि कण जितके बारीक तितका हा भरलेला थर उंच. म्हणून उथळ ताटलीत चिकण माती भरली तर भोक असूनही ती तळापासून वरपर्यंत चिंब राहते. तळाशी खडे घालण्याची पद्धत आहे, पण त्याने हा थर जात नाही; मातीची उंची कमी होऊन तो उलट बियाच्या जवळ येतो. उपाय म्हणजे पोकळ्या मोठ्या करणे. एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण चांगले. शेणखत कच्चे नसावे. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वापरले तर ते मुठीत घेऊन दाबा. पाण्याची धार लागली तर ओल जास्त आहे, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. पुढे रोज ठरल्या वेळी पाणी घालण्याऐवजी बोटाने वरची माती चाचपून मगच घालावे.

रोपे वर येऊन बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडू लागली, तर तेही जास्त ओलीचे व दाटीचे लक्षण आहे. पिथियमसारख्या बुरश्या हे करतात. पडलेली रोपे वाचत नाहीत. बाकीच्यांची विरळणी करून त्यांना हवा व ऊन द्यावे.

बी घट्ट, निकोप आहे पण मोड नाही, अशा वेळी संशय तापमानावर घ्यावा. मिरचीला २५ ते ३० अंश सेल्सिअस मानवते. १५ अंशांच्या खाली तिचे काम जवळजवळ थांबते. भंडाऱ्याकडे जानेवारीच्या रात्री पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. त्यात कुंडी मातीची असेल तर माठातल्या पाण्याप्रमाणे बाष्पीभवनाने ती भोवतालच्या हवेपेक्षाही थंड राहते! हिवाळ्यात बी प्लॅस्टिकच्या डब्यात, स्वयंपाकघरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवलेले बरे. मे महिन्यात उलटी तऱ्हा. उन्हातल्या पत्र्याच्या डब्यात माती इतकी तापते की कोथिंबीर, पालक यांचे बी उगवणेच टाळते. शाळेतला तापमापक दोन सेंटिमीटर मातीत खोचून दुपारी वाचा, आकडा पाहून चकित व्हाल.

खोलीचा नियम सोपा आहे. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, अधिक नाही. मिरचीचे एक बी सुमारे ६ मिलिग्रॅमचे, हरभऱ्याचा दाणा दीड-दोनशे मिलिग्रॅमचा. शिदोरीत एवढे अंतर असताना दोघांना सारखाच चढ चढायला लावणे अन्यायाचे आहे. अगदी बारीक बी तर वरच पसरून हलके दाबावे. त्यांतल्या काहींना उगवण्यासाठी प्रकाशही लागतो. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर दाखवले, की लाल प्रकाशाने बी उगवते आणि त्यापलीकडच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अतिलाल प्रकाशाने तो परिणाम पुसला जातो. आळीपाळीने कितीही वेळा प्रकाश दिला तरी शेवटचा कोणता होता एवढेच बी लक्षात ठेवते. यातला हेंड्रिक्स मूळचा रसायनशास्त्रज्ञ. चिकणमातीच्या स्फटिकांची रचना क्ष-किरणांनी तपासणारा. वनस्पतिशास्त्रात त्याने लावलेला हा शोध मला भौतिकीच्या वर्गात सांगायला फार आवडतो.

बी आधीच मेले असेल तर?

काही वेळा बी खरोखरच खराब असते. आंबा, फणस, जांभूळ, कडुनिंब आणि आपल्याकडचा मोह यांचे बी वाळवून साठवले की लवकरच मरते. ते ताजेच लावावे. मिरची, धान, भाज्या यांचे उलट. त्यांना कोरडे व थंड ठेवाल तितके ती टिकतील. बीजतज्ज्ञ हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम आहे. साठवणीचे तापमान दर ५ अंशांनी कमी केले की बियाचे आयुष्य दुप्पट होते, आणि बियातली ओल एका टक्क्याने कमी केली तरी दुप्पट होते. म्हणजे पत्र्याखालच्या माळ्यावर ४० अंशांत ठेवलेल्या पुडीपेक्षा माजघरात २५ अंशांत ठेवलेली पुडी आठपट टिकेल. बी कोरड्या राखेत घालून मडक्यात ठेवण्याची जुनी रीत याच कारणाने शहाणपणाची. शीतकपाटात ठेवायचे तर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, आणि बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर थंड बियांवर दव धरेल.

धानाचे पोचट दाणे ओळखायला मिठाचे पाणी उपयोगी पडते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओततात, तरंगणारे हलके दाणे काढून टाकतात आणि तळाचे बी साध्या पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवतात. आर्किमिडीजचे तत्त्व येथे थेट बांधावर येते. पण हीच कसोटी मिरची-वांग्याच्या बियांना लावू नका. चपट्या, कोरड्या बियाला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि पृष्ठताणामुळे चांगले बीही तरंगते.

सर्वांत विश्वासू कसोटी गोणपाटाची. २०२० च्या खरिपात मराठवाडा आणि विदर्भात पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, अशा हजारो तक्रारी आल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, काढणीच्या वेळी झालेल्या पावसात पीक भिजले होते. सोयाबीनचे साल पातळ, त्याच्या लगेच खाली अंकुर; भिजल्याने किंवा पोते आपटल्यानेही तो दुखावतो. पेरणी वाया गेली की बियाण्याचे पैसे तर जातातच, पण हंगामाचे निसटलेले दिवस परत मिळत नाहीत. शेतकऱ्यांनी पेरणीआधी घरीच उगवण तपासावी, असे कृषी खाते सांगते ते यासाठी.

ही तपासणी तुम्ही घरच्या बियांवर करू शकता. गोणपाटाचा तुकडा धुऊन ओला करा आणि पिळून घ्या. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळींत शंभर बिया मांडा, वरून दुसरा ओला तुकडा घाला, अलगद गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. गोणपाट ओलसर राहील इतकेच पाणी शिंपडा. सोयाबीन सहा-सात दिवसांनी मोजा, मिरची चौदाव्या दिवशी. मूळ आणि कोंब दोन्ही निकोप असलेले तेवढेच मोजायचे. बाजारच्या पुडीतले बी गुलाबी किंवा हिरवे दिसले तर त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. ते हाताळल्यावर हात साबणाने धुवा आणि उरलेले बी लहान भावंडांच्या व कोंबड्यांच्या वाटेला जाऊ देऊ नका.

मिरचीच्या शंभरांतून साठांच्या वर आकडा आला तर बी निर्दोष आहे, डबा आणि पाणी तपासा. तिसांच्या आसपास आला तर दुप्पट बी टाका. दहाच्या आत आला तर ते बी सोडून द्या आणि नवे मिळवा. गोणपाटात मोड आलेल्या बिया मात्र फेकू नका. मूळ नखाएवढे होण्याआधी, काडीने छिद्र पाडून, मूळ खाली येईल अशा बेताने त्या मिश्रणात ठेवल्या तर तीच तुमची पहिली रोपे.